औद्योगिक धोरण आणि प्रादेशिक पर्यटन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या भागात पर्यटन वाढवायचं ठरलं की चर्चा जाहिराती, महोत्सव आणि घोषवाक्यांवर जाते. खरे निर्णय मात्र जमीन, कर, वीज, पाणी आणि विमानतळाच्या फायलींत होतात, आणि त्या फायली बहुतेक वेळा पर्यटन खात्याच्या टेबलावर नसतात. गुंतवणूक करू पाहणारे, गावातले छोटे व्यावसायिक आणि धोरण समजून घेऊ इच्छिणारे वाचक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे घेतले आहेत.

पर्यटनाला ‘उद्योगाचा दर्जा’ मिळाला म्हणजे नेमकं काय मिळतं?

नुसत्या दर्जानं काहीच मिळत नाही. मिळतं ते त्यामागोमाग निघणाऱ्या आदेशांनी. हॉटेलला व्यापारी दराऐवजी औद्योगिक दरानं वीज आणि पाणी, मालमत्ता कर त्याच धर्तीवर, बँकेचं कर्ज जास्त मुदतीचं, आणि कारखान्यांसाठी असलेल्या प्रोत्साहन योजनेत प्रवेश, असा तो मामला असतो. केरळनं पर्यटनाला उद्योगाचा दर्जा १९८६ मध्ये दिला. नंतर बऱ्याच राज्यांनी तेच केलं. पण घोषणा झाली आणि वीज कंपनीपर्यंत आदेशच पोचला नाही, असंही होतं. अशा वेळी दर्जा कागदावर राहतो आणि वीजबिल व्यापारी दरानंच येत राहतं.

मुळात ही घोषणा का करावी लागते, तेही पाहण्यासारखं आहे. पोलाद उद्योग ओळखायचा तो त्याच्या मालावरून. पर्यटन ओळखायचं ते गिऱ्हाइकावरून. एकाच खानावळीत गावकरी जेवला तर ते पर्यटन नाही, परगावचा पाहुणा जेवला तर आहे. म्हणून राष्ट्रीय लेखा पद्धतीत ‘पर्यटन’ नावाचा वेगळा उद्योग सापडत नाही. त्याचा हिशेब मांडायला ‘पर्यटन उपग्रह लेखा’ नावाची स्वतंत्र चौकट करावी लागली. आकडेवारीत जो उद्योग दिसत नाही, त्याला अर्थसंकल्पात जागा मिळवणंही अवघड जातं.

पर्यटन धोरण वेगळं असतं ना? मग औद्योगिक धोरणाचा संबंध काय?

पर्यटन धोरण कोणत्या भागात काय व्हावं ते सांगतं. ते होणार की नाही, हे औद्योगिक धोरण ठरवतं. मागास तालुक्याला जास्त सवलत द्यायची की सगळीकडे सारखी, परकी गुंतवणूक थेट येऊ द्यायची की परवानगीनं, सरकारी जमीन विकायची की भाडेपट्ट्यानं द्यायची, हे प्रश्न उद्योग, वित्त आणि महसूल खात्यांचे आहेत. तुर्कस्ताननं १९८२ मध्ये पर्यटन प्रोत्साहनाचा कायदा केला. त्यात सरकारी जमीन गुंतवणूकदारांना ४९ वर्षांपर्यंत देण्याची सोय ठेवली. अंतल्याच्या किनाऱ्यावर आज हॉटेलांची जी रांग दिसते, तिच्या मुळाशी या जमीनवाटपाचा मोठा वाटा आहे.

स्पेनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९५९ च्या स्थिरीकरण योजनेत पेसेटाचं अवमूल्यन झालं आणि एका डॉलरला ६० पेसेटा मिळू लागल्या. अर्थव्यवस्था सावरण्यासाठी घेतलेला तो निर्णय होता. पण उत्तर युरोपातल्या कामगाराला स्पेनमधली सुट्टी त्यानं एकदम परवडण्याजोगी केली. साठच्या दशकातल्या स्पॅनिश पर्यटनाच्या भरभराटीला कुठल्याही जाहिरातीपेक्षा याचा हातभार मोठा होता.

गुंतवणूकदार अनुदान बघून येतो का?

अनुदान बघून चौकशीला येतो. पैसे घालतो ते इतर गोष्टी बघून.

एक ढोबळ हिशेब मांडू. १०० कोटींचं हॉटेल आहे, त्यातले ७० कोटी दहा टक्के व्याजाचं कर्ज. सरकार २० टक्के भांडवली अनुदान देतं, म्हणजे २० कोटी. जाहिरातीत हाच आकडा छापला जातो. पण अनुदान हॉटेल सुरू झाल्यावर, दहा समान हप्त्यांत मिळणार असतं. बांधकामाला तीन वर्षं, चौथ्या वर्षापासून दरसाल दोन कोटी. दहा टक्क्यांनी आजची किंमत काढली तर त्या २० कोटींचे साधारण सव्वानऊ कोटी होतात. आता इमारत उभी आहे, कर्ज पूर्ण उचललं आहे, पण अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आणि सांडपाण्याची जोडणी यात दीड वर्ष गेलं असं धरा. त्या दीड वर्षाचं व्याजच साडेदहा कोटी. बुडालेला धंदा वेगळा, आणि अनुदानाचा पहिला हप्ताही तितकाच लांबतो. म्हणजे एका हातानं दिलेलं दुसऱ्या हातानं जवळजवळ सगळं काढून घेतलं, आणि तेही कुणी न ठरवता.

त्यामुळे जाणता गुंतवणूकदार पहिल्या बैठकीत विचारतो ते असं: जमिनीचा मालक कोण, सातबारा साफ आहे का, पाणी कुठून येणार, मैला कुठे जाणार, आणि परवान्याला आजवर खरोखर किती दिवस लागले. ‘एक खिडकी’च्या पाटीवर त्याचा फारसा विश्वास नसतो. खिडकी एक आणि तिच्यामागे बारा टेबलं, हा अनुभव जुना आहे.

सरकारनं जमीन आधी ताब्यात घ्यावी की खासगी मालकांवर सोडावी?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे. घोषणा आधी आणि जमीन नंतर, असा क्रम झाला की धोरणाचा फायदा हॉटेलवाल्यालाही मिळत नाही आणि गावालाही नाही. तो मिळतो मधल्या दलालाला. रस्त्याचं नुसतं नाव निघालं तरी भाव चढतात, शेतकरी आदल्या वर्षीच्या भावानं विकून मोकळा झालेला असतो, आणि महागड्या जमिनीवर परवडणारं हॉटेल उभं राहूच शकत नाही.

फ्रान्सनं हा क्रम नीट सांभाळला. भूमध्य समुद्रकाठचा लांगदोक-रुसियों हा पट्टा डासांचा आणि दलदलीचा होता. फ्रेंच पर्यटक तो ओलांडून थेट स्पेन गाठत. १९६३ मध्ये सरकारनं पिएर रासिन यांच्या नेतृत्वाखाली आंतरमंत्रालयीन यंत्रणा नेमली. त्याआधीच सरकारनं गाजावाजा न करता किनाऱ्यावरच्या मोक्याच्या जमिनी विकत घेऊन ठेवल्या होत्या. मग योजना जाहीर झाली आणि आसपासच्या क्षेत्रात भाव गोठवण्याची कायदेशीर तरतूद लागू झाली. डासनिर्मूलन, रस्ते, पाणी आणि बंदरं हे सरकारनं केलं, इमारती खासगी बांधकाम व्यावसायिकांनी. ला ग्रांद-मोत हे वास्तुविशारद जाँ बालादूर यांच्या पिरॅमिडसारख्या इमारतींचं शहर याच योजनेतलं. दोन वसाहतींच्या मध्ये मोकळे हिरवे पट्टे राखले गेले, म्हणून किनाऱ्याची सलग भिंत झाली नाही.

याला दुसरी बाजू आहेच. ज्यांनी गुपचूप खरेदीत जमीन विकली, त्यांना पुढच्या भाववाढीत वाटा मिळाला नाही. लोकशाहीत गुप्त खरेदी कितपत योग्य, हा प्रश्न रास्त आहे. मूळ मालकाला विकसित जमिनीतला काही भाग परत देणं किंवा भाडेपट्ट्याच्या उत्पन्नात हिस्सा ठेवणं, हे मधले मार्ग आहेत. पण उघड घोषणा करून दलालांना दोन वर्षं मोकळं रान देणं यापेक्षा जास्त न्याय्य आहे, असं मला तरी वाटत नाही.

काहीच नसलेल्या ठिकाणी सरकार पर्यटन उभं करू शकतं का?

कानकून हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उत्तर. मेक्सिकोला परकी चलन हवं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस जागांचा शोध घेतला तो पर्यटन खात्यानं नव्हे, तर बँको दे मेहिको या मध्यवर्ती बँकेच्या अधिकाऱ्यांनी. निवडलेली जागा म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी आणि आसपास मोजकी मच्छीमार कुटुंबं. १९६९ मध्ये पायाभूत सुविधांसाठी निधी स्थापन झाला, १९७१ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेनं कर्ज मंजूर केलं आणि १९७४ मध्ये फोनातुर ही सरकारी पर्यटन विकास संस्था झाली. खासगी मंडळी सुरुवातीला बिचकत होती, म्हणून आधीच्या हॉटेलांत सरकारी पैसा आणि हमी ओतावी लागली. पुढे रांग लागली.

हे वाचून प्रत्येक जिल्ह्याला आपलं कानकून हवं असतं. त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: याच संस्थेनं इक्स्तापा, लोस काबोस, लोरेतो आणि उआतुल्को हेही हाती घेतले. लोस काबोस फोफावलं. लोरेतो आणि उआतुल्को ठरवलेल्या उंचीच्या जवळपासही पोचले नाहीत. संस्था तीच, देश तोच, पद्धत तीच. मोठ्या बाजारपेठेपासून थेट विमानाचं अंतर आणि जवळच्या शहरांचा आधार यात फरक होता.

आणि कानकूनच्या यशातही एक मोठी चूक दडलेली आहे. आराखड्यात हॉटेलांचा पट्टा होता, सेवक वर्गासाठी शहरही होतं, पण बांधकामाला किती मजूर येतील याचा अंदाज फसला. ते शहराच्या उत्तरेला, पाण्याशिवाय आणि गटाराशिवाय, मिळेल त्या जागी वसले. पुढे निचुप्ते खाडीच्या प्रदूषणाचा प्रश्न आला. हॉटेलं थेट वाळूच्या टेकड्यांवर बांधल्यानं २००५ च्या विल्मा चक्रीवादळानंतर किनारा वाहून गेला आणि समुद्रातून वाळू उपसून तो पुन्हा भरावा लागला. तो खर्च मूळ प्रकल्प अहवालात कुणी धरला नव्हता.

विमानतळ बांधला की पर्यटक आपोआप येतात का?

नाही. धावपट्टी बांधणं सोपं, विमान रोज उतरवणं कठीण. भारताच्या ‘उडान’ योजनेत छोट्या शहरांच्या मार्गांना व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे तोटा भरून काढणारं अनुदान, देऊन तिकीट स्वस्त ठेवलं गेलं. पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. २०२३ च्या अहवालात महालेखापरीक्षकांनी नोंदवलं की, तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत आणि तीन वर्षांची सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकून होते ते ५४.

म्हणून योजना वाईट, असा अर्थ काढू नये. दुर्गम भागाला जोडणारा मार्ग नफ्यावर तोलायचा नसतो. पण कुणी ‘विमानतळ येतोय’ एवढ्यावर हॉटेल बांधायला सांगत असेल, तर अनुदान संपल्यावर, म्हणजे चौथ्या वर्षी, विमानं किती भरतील, ते आधी विचारा.

सवलती हॉटेलसाठी दिल्या, पण बंगले आणि फ्लॅटच उभे राहिले. असं का होतं?

कारण फ्लॅट विकून पैसा दोन वर्षांत सुटतो. हॉटेल चालवून तो सुटायला दहा-बारा वर्षं लागतात. सवलत बांधकामावर असेल आणि चालवण्याची अट ढिली असेल, तर पैसा उताराकडे वाहणारच.

आयर्लंडनं १९९५ मध्ये किनाऱ्यावरच्या १५ जुन्या पर्यटनगावांना कर-सवलत दिली. गावांचा उद्धार हा हेतू. प्रत्यक्षात सुट्टीतल्या घरांचं पीक आलं. वर्षातले कित्येक महिने बंद असलेली ती घरं, त्यांच्यासाठी अपुरं पडणारं पाणी आणि मैलाव्यवस्था, आणि स्थानिकांना न परवडणारे भाव, अशी टीका या योजनेवर झाली. उपाय फार गूढ नाही. सवलत खोल्या भरण्याशी, नोकऱ्यांशी आणि भरलेल्या कराशी बांधायची, आणि ठरावीक वर्षांच्या आत विक्री केली तर व्याजासह वसूल करायची. प्रत्यक्षात या कलमाला विरोध सगळ्यात जोरात होतो, यावरून ते कलम किती कामाचं आहे ते कळतं.

कारखाने आणि खाणी बंद पडलेल्या भागाला पर्यटन तारू शकतं का?

स्पेनमधल्या बिल्बाओनं तारून दाखवलं असं म्हणतात, आणि त्याचं सगळं श्रेय १९९७ मध्ये उघडलेल्या गुगनहाइम कलासंग्रहालयाला दिलं जातं. हे अर्धंच खरं. पोलाद आणि जहाजबांधणी कोसळलेल्या त्या शहरात संग्रहालयाच्या आधी नदीचं पाणी शुद्ध करण्याचं खर्चिक काम सुरू झालं होतं. १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिया २०००’ ही सरकारी कंपनी झाली. रेल्वे आणि बंदराच्या पडीक जमिनी तिच्या हाती आल्या, त्यांच्या विकासातून मिळालेला पैसा तिनं पुन्हा शहरातच घातला. १९९५ मध्ये मेट्रो धावली. संग्रहालय या साखळीतली सगळ्यात चकाकणारी कडी होती. ज्यांनी फक्त त्या कडीची नक्कल केली, त्यांच्याकडे रिकाम्या देखण्या इमारती उरल्या.

जपानमधलं युबारी हे उलट टोक. होक्काइदोमधल्या या कोळशाच्या शहरात १९६० च्या सुमारास लाखाहून जास्त लोक राहत. शेवटची खाण १९९० मध्ये बंद झाली. शहरानं कोळशाचं संग्रहालय, मनोरंजन उद्यान, हॉटेल आणि स्की केंद्र यांवर कर्ज काढून खर्च केला. पर्यटक पुरेसे आले नाहीत, तोटा अल्पमुदतीच्या उसनवारीनं झाकला गेला, आणि २००६ मध्ये शहरानं हात वर केले तेव्हा लोकसंख्या जेमतेम १३ हजार आणि फेडायची रक्कम सुमारे ३५ अब्ज येन होती. मग शाळा एकत्र झाल्या, कर्मचारी कमी झाले, कर वाढले. तिथून तरुण आणखी निघून गेले.

त्याच देशात १९८७ च्या रिसॉर्ट कायद्यानं कर-सवलती आणि स्वस्त कर्जं दिल्यावर जिल्ह्या-जिल्ह्यांत विश्रामनगरं निघाली. मियाझाकीच्या सीगाइया संकुलात खऱ्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर छताखाली कृत्रिम समुद्रकिनारा बांधला होता! २००१ मध्ये ते दिवाळखोरीत गेलं. सवलतीच्या पैशानं माणूस काय काय बांधतो, याचा एवढा चपखल नमुना दुसरा सापडणार नाही.

एकाच भागात कारखाने आणि पर्यटन, दोन्ही चालतात का?

चालतात, पण सरकारनं दोन्हीची गणितं एकाच टेबलावर मांडली तर. थायलंडचा पूर्व किनारा ऐंशीच्या दशकापासून पेट्रोरसायनं आणि बंदरांसाठी विकसित झाला. पट्टाया आणि कोह समेत ही पर्यटनस्थळं त्याच टापूत. जुलै २०१३ मध्ये रायोंगजवळ समुद्रात तेलगळती झाली आणि कोह समेतचा आओ फ्राओ किनारा काळा पडला. तरी २०१८ मध्ये कायदा करून सरकारनं त्याच किनाऱ्यावरच्या तीन प्रांतांत ‘पूर्व आर्थिक पट्टा’ उभारायला घेतला आणि लक्ष्य उद्योगांत वाहननिर्मितीच्या जोडीला उच्च उत्पन्न गटाचं आणि आरोग्य पर्यटनही धरलं.

यात फायदाही आहे. कारखान्यांमुळे विमानतळ, रस्ते आणि वर्षभराचे व्यावसायिक पाहुणे मिळतात. हंगाम नसतानाही खोल्या भरतात. भांडण होतं ते पाण्यावरून. उन्हाळ्यात पाणी आटलं की कारखाना, हॉटेल, शेत आणि घर या चौघांपैकी आधी कुणाचा नळ बंद करायचा, हे धोरणात लिहिलेलं नसतं. ते ऐन वेळी ठरतं, आणि ज्याचा वशिला तोकडा त्याचा नळ आधी बंद होतो.

पर्यटनाचा पैसा गावात राहतो की बाहेर जातो?

रचना कशी केली त्यावर आहे. मालदीवमध्ये १९७२ पासून ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हा नमुना चालला. सरकारला भाडेपट्ट्याचं भरघोस उत्पन्न मिळालं, पण वस्तीच्या बेटांवरचा माणूस त्या धंद्याच्या बाहेर राहिला. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहं चालवायला मोकळीक मिळाली तेव्हा कुठे घरगुती मालकांना दार उघडलं.

रवांडानं २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन उत्पन्नातले ५ टक्के आसपासच्या गावांसाठी राखायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये ते १० टक्के केले. गोरिला पाहण्याचा परवाना त्याच वर्षी १,५०० डॉलर झाला. हिस्सा ठरलेला, कागदावर आणि उत्पन्नावर मोजलेला असल्यानं ‘स्थानिकांना लाभ होईल’ या मोघम वाक्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा आहे.

छोट्या व्यावसायिकाला या धोरणातून काही मिळतं का?

थेट फार कमी. बहुतेक योजनांत किमान गुंतवणुकीची अट असते आणि चार खोल्यांचं घर तिच्यात बसत नाही. त्यांना उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: राहत्या घरातल्या खोल्यांना घरगुती दरानं वीज, एकदाच नोंदणी, छोटं बिनतारण कर्ज, आणि कचरा उचलण्याची सोय. यांचं उद्घाटन करायला फीत लागत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

पर्यटक कमी करणं हेही धोरण असू शकतं का?

हो. भूताननं २०२२ मध्ये दर रात्रीचं शाश्वत विकास शुल्क २०० डॉलर केलं. पर्यटक फारच रोडावल्यावर २०२३ मध्ये ते १०० डॉलरवर आणलं. बार्सिलोनानं नव्या हॉटेलांवर विभागवार मर्यादा घातली आणि पर्यटकांना भाड्यानं दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवण्याचं जाहीर केलं. कोस्टारिकानं तर १९७७ मध्येच किनाऱ्याची २०० मीटरची पट्टी राखली: पहिले ५० मीटर सर्वांसाठी खुले, उरलेले १५० मीटर सरकारशी केलेल्या वापर-करारानं. मागणी वाढण्याआधी केलेला नियम पाळून घेणं त्या मानानं सोपं. हॉटेल उभं राहिल्यावर तोच नियम लावायला कोर्टाची पायरी चढावी लागते.

नवं धोरण जाहीर झालं की त्यात काय वाचावं?

प्रस्तावना सोडून द्या. रोजगाराचे आणि गुंतवणुकीचे मोठे आकडेही बाजूला ठेवा. सामंजस्य करार म्हणजे आलेला पैसा नव्हे. थेट परिशिष्टं उघडा. सवलत कोणत्या खात्याच्या कोणत्या लेखाशीर्षातून मिळणार आणि त्यात यंदा तरतूद किती, ते पाहा. जमीन कुणाच्या नावावर आहे, तिचा पट्टा किती वर्षांचा, आणि भाडं किती वर्षांनी वाढणार, तेही. सांडपाणी प्रकल्पाची तारीख हॉटेलच्या उद्घाटनाच्या आधीची आहे की नंतरची? कामगार राहणार कुठे, यावर एखादा परिच्छेद आहे का? शेवटी आधीच्या धोरणाखाली मंजूर झालेलं किती अनुदान अजून थकलेलं आहे, ते माहितीच्या अधिकारात विचारा. आधीच्या वेळचे हप्ते थकले असतील, तर यंदाच्या टक्केवारीवर हॉटेलचा हिशेब बसवू नका.